एक्कावन्न मण्यांची माळ

राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण काठावर, श्रीवर्धन तालुक्यात, दिघी हे गाव आहे. पलीकडच्या काठावर मुरूड तालुक्यातील आगरदांडा आणि खाडीच्या मुखाशी पाण्यात उभा जंजिरा. दोन काठांमध्ये माणसे आणि वाहने नेणारी फेरीबोट, जिला येथील लोक जंगलजेटी म्हणतात, ती नसेल तर खाडीला लांबचा वळसा घालावा लागतो. गावालगतचे मोठे बंदर २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेले आणि तेथील मालाची चर्चा वर्तमानपत्रांत होत असते. फेरीबोटीतून येणाऱ्या एका लहानशा मालाची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. तो म्हणजे बर्फाच्या पिशवीत जपून आणलेली इन्सुलिनची कुपी.

न उघडलेली कुपी दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी, ती गोठू देऊ नये, उन्हात तर मुळीच ठेवू नये, असे तिच्या वेष्टनावर छापलेले असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या सूचनेचा खरा अर्थ किनाऱ्यावरच्या घरांना कळला. विजेचे खांब आडवे झाले, श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरूड या तालुक्यांतील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली आणि शीतकपाटे म्हणजे नुसती कपाटे उरली. शीतकपाट नसेल तर ओल्या वाळूतील मडक्यात कुपी ठेवावी, असा सल्ला दिला जातो आणि विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तो उपयोगीही पडतो. कोकणच्या जूनमधील दमट हवेत पाण्याचे बाष्पीभवनच मंदावते, त्यामुळे मडके फारसे गार होत नाही. रोज टोचून घ्यावे लागणारे औषध घरात आहे, पण ते अजून औषध राहिले आहे की नाही हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, अशी ती अवस्था होती.

उष्णतेने कुपीत नेमके काय बिघडते? इन्सुलिन हे प्रथिन आहे आणि प्रथिनाचे सारे सामर्थ्य त्याच्या घडीत असते. घडी मोडली की मणी तेच, क्रमही तोच, पण काम शून्य. ही घडी स्वादुपिंडातील बीटा पेशी कशी घालतात, हे पाहिल्याशिवाय त्या कुपीचे मोल ध्यानात येणार नाही.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. केंद्रकातील मूळ दस्तऐवजाची नक्कल बाहेर येते आणि रायबोसोम नावाचे सूक्ष्म कारागीर ती वाचून मणी ओवू लागतात. इन्सुलिनसाठी प्रथम जी माळ ओवली जाते, ती ११० मण्यांची असते. तिचे पहिले २४ मणी इन्सुलिनचा भाग नसतातच. तो केवळ पत्ता असतो. हा पत्ता रायबोसोममधून बाहेर डोकावताच पेशीतील एक कण त्याला धरतो, ओवण्याचे काम क्षणभर थांबवतो आणि रायबोसोमला एका पडद्यापाशी नेऊन टेकवतो. शालेय पुस्तकांत ‘आंतर्द्रव्यजालिका’ या उच्चारायला अवघड नावाने विद्यार्थ्यांना भेटणारी रचना ती हीच. पडद्यातील चिंचोळ्या दारातून माळ आत सरकते आणि आत येताच पत्त्याचे २४ मणी कापून टाकले जातात. पाकीट पोहोचल्यावर त्यावरील पिनकोडाला काय किंमत?

उरते ८६ मण्यांची माळ. जालिकेच्या आत तिची घडी पडते आणि गंधकाचे तीन टाके घालून ती पक्की केली जाते. येथील शिस्त बँकेतल्यासारखी आहे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची आणि तपासणाऱ्याच्या सहीशिवाय व्यवहार पुढे जायचा नाही. घडी चुकलेल्या प्रथिनाला पुन्हा संधी मिळते. तरीही ते सुधारले नाही, तर त्याला पडद्याबाहेर ओढून त्याचे तुकडे केले जातात. ही तपासणी कधी कधी अतिकठोर ठरते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात बहुसंख्य रुग्णांच्या पेशी जे प्रथिन नाकारतात, ते जागेवर पोहोचले असते तर थोडेफार काम करू शकले असते. याच्या उलट, इन्सुलिनच्या जनुकातील काही दोषांमुळे माळेची घडी कधीच नीट बसत नाही, चुकीचा माल जालिकेत साचत जातो आणि शेवटी बीटा पेशीच मरतात. अशा बालकांना जन्मानंतर काही महिन्यांतच मधुमेह जडतो.

तपासणीतून सुटलेला माल पडद्याच्याच इवल्या पिशव्यांत भरून गॉल्जी संकुलाकडे जातो. एकावर एक रचलेल्या चपट्या ताटल्यांसारखी ही रचना म्हणजे पेशीचे वर्गवारी कार्यालय. अनेक प्रथिनांना येथे साखरेच्या साखळ्यांचे अखेरचे रूप मिळते. कोणते प्रथिन लयकारिकांत जायचे, कोणते पेशीच्या पृष्ठभागावर आणि कोणते बाहेर, हे येथे ठरते. इन्सुलिनचा माल साठवणीच्या कणिकांत भरला जातो आणि त्या कणिकांतच अखेरची कापणी होते. मधला तुकडा सुटा होतो आणि २१ व ३० मण्यांचे दोन सर टाक्यांनी जोडलेले राहतात. हेच ते ५१ मण्यांचे इन्सुलिन. जस्ताच्या आधाराने सहा-सहा रेणूंचे गट बांधून ते कणिकांत साठून राहते. एकेका बीटा पेशीत अशा हजारो कणिका सज्ज असतात. जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की पेशीत कॅल्शियम शिरते, कणिका बाहेरच्या पडद्याशी एकरूप होतात आणि माल रक्तात उतरतो.

कापून काढलेला मधला तुकडा, म्हणजे सी-पेप्टाइड, फेकून दिला जात नाही. इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर तोही रक्तात येतो. पावतीबरोबर स्थळप्रत असावी तसा हा प्रकार. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ही स्थळप्रत नसते. त्यामुळे रक्तातील सी-पेप्टाइड मोजले की रुग्णाचे स्वतःचे स्वादुपिंड किती इन्सुलिन करते, हे डॉक्टरांना कळते. अनेक घरांत हा अहवाल न वाचताच फाइलमध्ये जातो. तो वाचण्याजोगा असतो.

हा सारा मार्ग मानवाला उलगडला, तो तुकड्यातुकड्यांनी. इटलीतील पाव्हिया येथे कामिल्लो गॉल्जी यांनी १८९८ मध्ये घुबडाच्या चेतापेशींत चांदीच्या क्षारांनी रंगलेली एक जाळी पाहिली. ती खरी आहे की रंगकामातून उपजलेला भास आहे, यावर पुढे अर्धशतक वाद चालला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावरच तो मिटला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज पॅलाडे यांनी १९६० च्या दशकात, हिशेबनिसाला शोभेल अशी युक्ती केली. स्वादुपिंडाच्या पेशींना थोडाच वेळ किरणोत्सारी अमिनो आम्ल द्यायचे आणि मग ते खुणेचे नाणे कोठे कोठे फिरते ते पाहायचे. तीन मिनिटांनी खूण जालिकेत दिसली, सुमारे वीस मिनिटांनी गॉल्जीपाशी आणि दोन तासांच्या आसपास साठवणीच्या कणिकांत. पॅलाडे यांना १९७४ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. माळेच्या टोकाशी पत्ता असतो, हे दाखवणारे गुंटर ब्लोबेल यांना ते १९९९ मध्ये मिळाले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या ड्रेस्डेन शहरातील चर्च आणि सिनेगॉग यांच्या उभारणीसाठी त्यांनी पारितोषिकाची जवळजवळ सारी रक्कम देऊन टाकली. विज्ञानाच्या इतिहासात अशा नोंदी कमी असतात, म्हणून ही येथे नमूद केली.

शाकाहारी, आणि विशेषतः जैन, कुटुंबांना या विज्ञानाने दिलेला दिलासा वेगळाच आहे. टोरांटोमध्ये १९२२ साली ज्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले, ते बैलाच्या स्वादुपिंडातून काढलेले होते. पुढे साठ वर्षे जगभर कत्तलखान्यातील गुरे आणि डुकरे हाच त्याचा उगम राहिला. डुकराचे इन्सुलिन मानवी इन्सुलिनपेक्षा एका मण्याने वेगळे, गाईचे तीन मण्यांनी. कुपीवर तसा स्पष्ट उल्लेख असे आणि जिवाचे रक्षण की जीवदया, असा पेच श्रद्धाळू घरांसमोर उभा राही. १९८२ मध्ये अमेरिकेत जिवाणूंकडून करवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली आणि हा पेच सुटू लागला. परंतु जिवाणूच्या पेशीत ना जालिका असते ना गॉल्जी संकुल. त्यामुळे त्याने ओवलेल्या माळेची योग्य घडी कारखान्यात रासायनिक उपायांनी घालावी लागते.

किण्वाची, म्हणजे यीस्टची, गोष्ट निराळी. ब्रेड फुगवणाऱ्या या एकपेशीय जीवात माणसाच्या पेशीसारखीच अंतर्गत पडद्यांची सारी व्यवस्था आहे. कॅलिफोर्नियात रँडी शेकमन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ज्यांची वाहतूक मध्येच अडते असे किण्व शोधून काढले आणि त्यांवरून या वाहतुकीची जनुके ओळखली. जेम्स रोथमन आणि थॉमस स्युडॉफ यांच्यासह त्यांना २०१३ चे नोबेल मिळाले. योग्य पत्ता जोडला तर किण्व इन्सुलिनची माळ घडी घालून स्वतःहून बाहेर सोडते, या गुणाचा उद्योगांनी उपयोग केला. महाराष्ट्रात वोक्हार्ट कंपनीने किण्वाकडून मानवी इन्सुलिन तयार करवून २००३ मध्ये बाजारात आणले. ‘वोसुलिन’ हे त्याचे नाव, आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे कंपनीच्या जैवतंत्रज्ञानाचे केंद्र. किण्वही जीवच आहे, हा आक्षेप विचारी वाचक घेतील आणि तो खोटा नाही. तरीही पंचेंद्रिय प्राण्याचा वध आणि टाकीत वाढवलेले किण्व यांतील अंतर बहुतेक साधकांना मान्य व्हावे इतके मोठे आहे.

या विषयातील एक महत्त्वाचे काम मुंबईत झाले आणि ते उपवासाशी निगडित आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीतील हमालांचा, म्हणजे माल ओढणाऱ्या मोटर प्रथिनांचा, अभ्यास केला. पोटभर जेवण झालेले असते तेव्हा इन्सुलिनच्या प्रभावाने कायनेसिन नावाचे हमाल यकृतपेशीतील मेदाच्या थेंबांना बिलगतात आणि त्यांना जालिकेकडे ओढून नेतात. तेथे तो मेद रक्तात पाठवण्याजोग्या कणांत बांधला जातो. उपवासात शरीराच्या साठ्यातून यकृताकडे मेदाचा लोंढा येतो. तो तसाच रक्तात गेला असता तर अनर्थ झाला असता. परंतु त्या वेळी इन्सुलिन उतरलेले असते, हमाल थेंबांवरून सुटतात आणि मेद यकृतातच थोपून राहतो. २०१७ आणि २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते उंदरांच्या यकृतांवरील प्रयोगांतून आलेले आहेत, हेही सांगितले पाहिजे.

निरोगी शरीरात उपवासाच्या पहिल्याच प्रहरी बीटा पेशी आपला हात आखडता घेतात. कणिका भरलेल्या असतात, पण दार उघडत नाही. टोचलेल्या इन्सुलिनला असे दार नाही. त्वचेखाली गेल्यावर ते ठरल्या वेळी रक्तात उतरणारच, मग त्या दिवशी एकासना असो वा अठ्ठाईचा सातवा दिवस. साखर वेगाने खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते आणि पुढे शुद्ध हरपते. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या तपस्वींनी पच्चक्खाण घेण्यापूर्वीच, पर्युषणाच्या काही आठवडे आधी, डॉक्टरांकडून मात्रेचा फेरविचार करून घ्यावा लागतो. दिघीसारख्या गावात रात्री साखर उतरली आणि खाडी पार करून मोठ्या रुग्णालयात जायचे ठरले, तर सकाळच्या पहिल्या फेरीबोटीची वाट पाहावी लागते.