सरासरीपेक्षा अधिक : वसंतातील उकाडा आणि व्यापाऱ्याचा हिशेब

व्यापारी घरांत मार्च हा हिशेबाचा महिना. मालसाठ्याची मोजदाद, येणे-देणे यांचा मेळ, कराची विवरणपत्रे आणि कर्जखात्यांचे नूतनीकरण या धांदलीत वर्तमानपत्रातील हवामानाच्या चौकटीकडे सहसा कोणी पाहत नाही. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण आपल्या परिचयाची आहे. २०२२ मध्ये होळी १७ मार्चला होती; थंडी मात्र तिच्या आधीच निघून गेली होती. महिन्याच्या मध्याच्या सुमारास भारतीय हवामानशास्त्र विभागाने मुंबईसह कोकणपट्टीला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. वसंतातच वैशाख अवतरला, एवढीच त्याची चर्चा झाली. परंतु त्या इशाऱ्यामागील घडामोडींची किंमत दोन महिन्यांनी धान्यबाजाराला मोजावी लागली.

किनाऱ्यावर मार्चमध्ये उकाडा का वाढतो, याचे कारण वाऱ्याच्या दिशेत आहे. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो आणि जमीन तापली की दुपारच्या सुमारास समुद्रावरून गार वारा येऊ लागतो. पूर्वेकडून येणारे कोरडे, उष्ण वारे प्रबळ असतील, तर हा समुद्रवारा उशिरा पोहोचतो. तेवढ्या दोन-तीन तासांत पारा झपाट्याने चढतो. त्याच काळात उत्तर भारतातही निराळेच चित्र होते. हिवाळ्याच्या अखेरीस पश्चिमेकडून येणारे आणि पाऊस देणारे ‘पश्चिमी विक्षोभ’ त्या मार्चमध्ये क्षीण राहिले. आकाश निरभ्र राहिले आणि जमीन दिवसेंदिवस तापत गेली. देशभरात त्या महिन्यात सरासरीच्या जेमतेम ३० टक्के पाऊस पडला. देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश सेल्सिअस नोंदले गेले. १९०१ पासूनच्या नोंदींत मार्च महिन्याचा हा उच्चांक ठरला.

अंदाज वाचण्याचीही एक रीत आहे. पहिली गोष्ट विभागाची. महाराष्ट्राचे हवामान कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ अशा उपविभागांत मांडले जाते. नागपूरचा इशारा वाचून रत्नागिरीचा माल थांबवण्यात अर्थ नसतो. दुसरी गोष्ट मुदतीची. पुढील काही दिवसांचा अंदाज रोज येतो, तर येत्या दोन आठवड्यांचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी. पहिला मालाच्या वाहतुकीसाठी उपयोगी, दुसरा खरेदीचा बेत ठरवण्यासाठी. तिसरी गोष्ट रंगाची. हिरवा म्हणजे चिंतेचे कारण नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने पावले उचला.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित : सरासरीपासूनचा फरक. मैदानी प्रदेशात तापमान किमान ४० अंश आणि किनाऱ्यावर किमान ३७ अंश असावे, शिवाय ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे, तेव्हा उष्णतेची लाट मानली जाते. उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती राहिली की तिची घोषणा होते. म्हणून मार्चमध्ये मुंबईत ३८ अंश ही लाट ठरू शकते, पण मेमध्ये नागपुरात ४२ अंश हा नित्याचा दिवस असतो. एखाद्या खात्यात किती रक्कम शिल्लक आहे, एवढ्यावरून त्या पेढीची प्रकृती कळत नाही. गेल्या वर्षी याच तारखेला ती किती होती, हे पाहावे लागते. तापमानाचेही तसेच आहे.

२०२२ च्या गव्हाने हा धडा ठळकपणे दिला. पंजाबात मार्चच्या मध्यास दुपारचे तापमान एरवी २६-२७ अंशांच्या आसपास असते. ते ३३-३४ वर गेले, तरी ४० अंशांच्या अटीमुळे त्याला ‘लाट’ हे नाव मिळत नाही. महाराष्ट्रातील माणसाला तर ती हवा सुखदच वाटेल. परंतु गव्हाच्या ओंबीत दाणा भरण्याचे दिवस नेमके तेच. या काळात उष्मा वाढला की पीक घाईने पक्व होते आणि दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो. फेब्रुवारीत केंद्र सरकारने गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज ११ कोटी १३ लाख टनांचा वर्तवला होता. मे महिन्यात तो १० कोटी ६४ लाख टनांवर आला. युक्रेनमधील युद्धामुळे जागतिक बाजारात गव्हाला मागणी होती आणि निर्यातीची स्वप्ने रंगवली जात होती. १३ मे रोजी निर्यातबंदी जाहीर झाली. त्याच सुमारास पंजाब-हरियाणातील सरकारी खरेदीत आकसलेल्या दाण्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. आदल्या हंगामात ४३३ लाख टनांवर गेलेली सरकारी खरेदी त्या हंगामात सुमारे १८८ लाख टनांवर घसरली. खुल्या बाजारात हमीभावाहून चढा दर मिळत होता, हेही तिचे एक कारण होते. उन्हाने आकसलेला दाणा शेतात दिसू लागला मार्च-एप्रिलमध्ये. निर्यातीचे सौदे करणाऱ्यांना त्याची जाणीव झाली मे महिन्यात.

उष्मा प्रत्येक मालाला सारखाच मारक नसतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तासगाव-सांगली भागातील बेदाण्यासाठी कोरडी, उष्ण हवा अनुकूल असते. द्राक्षे लवकर सुकतात. तेथे धास्ती असते ती ढगाळ हवेची आणि अवकाळी पावसाची. कोकणातील हापूसची गोष्ट निराळी. अचानक वाढलेल्या उन्हात लहान फळे गळतात, मोठी भाजतात आणि वरून निर्दोष दिसणाऱ्या फळात साका निघतो. उन्हाळ कांदा चाळीत भरताना उष्मा अधिक असेल, तर वजनातील घट वाढते. त्यामुळे एकच अंदाज बेदाण्याच्या व्यापाऱ्याला दिलासा देतो, तर आंब्याच्या अडत्याला सावध करतो. अंदाज वाचल्यावर आपल्या मालाला तो कोणत्या अवस्थेत गाठणार आहे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारायचा असतो.

मालापेक्षा मोठी जबाबदारी मात्र माणसांची आहे. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. पत्र्याच्या छपराखालील गोदामात किंवा उन्हात उभ्या ट्रकमध्ये पोते उचलणाऱ्या हमालाला जाणवणारी उष्णता त्या आकड्याहून कितीतरी अधिक असते. त्यातही मार्चमधील उष्मा विशेष धोक्याचा, कारण हिवाळ्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या शरीराला उन्हाची सवय झालेली नसते. मेमध्ये जो माणूस ४० अंशांत निभावून नेतो, तोच मार्चमध्ये ३७ अंशांत भोवळ येऊन पडू शकतो. वर्षअखेरचा माल हलवण्याची घाई नेमकी याच दिवसांत असते.

म्हणून पिवळा किंवा नारिंगी इशारा आला की भरणी-उतरणीचे काम सकाळी लवकर किंवा सायंकाळी ठेवावे. दुपारी बारा ते तीन ही वेळ टाळावी. पिण्याचे पाणी कामाच्या जागीच असावे. माठ कार्यालयात आणि हमाल फाटकाशी, असे होऊ नये. ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा जलसंजीवनी यांची सोय थोडक्या खर्चात होते. कामगाराचे अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून अंग ओल्या कापडाने थंड करावे आणि विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

अनेक पेढ्यांत रोजचे बाजारभाव वहीत टिपण्याची जुनी शिस्त आजही पाळली जाते. त्याच पानावर दुपारचे कमाल तापमान आणि त्याचा सरासरीपासूनचा फरक, असे दोन आकडे लिहायला एक मिनिटही लागत नाही. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी हाताशी असल्या, तर आपल्या गावात, आपल्या मालाला किती अंशांचा फरक महाग पडतो, हे त्या पेढीला स्वतःच्याच वहीतून कळेल.