ऐकू येणारे पान

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी आंबागड हे गाव आहे. तेथे माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याला जन्मापासून दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात तो संगणकावर नोकरीचा अर्ज भरीत होता आणि मी शेजारी बसलो होतो. संगणक बोले, तो ऐके आणि उत्तर लिही. नाव, पत्ता, जन्मतारीख सारे सुरळीत भरून झाले. शेवटी अर्ज धाडावयाचा, तोच संगणक मुका झाला! मला तर पडद्यावर ‘पाठवा’ अशी ठसठशीत हिरवी पाटी दिसत होती. मग त्याला ती ऐकू का येऊ नये?

मुलांनो, या बोलणाऱ्या साधनास स्क्रीन रीडर म्हणतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ‘एनव्हीडीए’ नावाचा स्क्रीन रीडर तयार करावयास घेतला. तो विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. स्क्रीन रीडर पडद्यावरील चित्र पाहत नाही. पानामागे लिहिलेली मांडणी वाचतो. प्रत्येक वस्तूला तो जणू विचारतो, “तू कोण? तुझे नाव काय? तुझी स्थिती कशी?” खरे बटण उत्तर देते, “पाठवा, बटण.” निवडीची चौकट सांगते, “खूण केलेली नाही.” आमची हिरवी पाटी मात्र बटण नव्हतीच. कोऱ्या पेटीवर चित्र चिकटवून केलेला तो देखावा होता. माउसने टिचकी मारणाराचे काम तेथे होई. टॅबची कळ दाबीत पुढे जाणाऱ्यास ती वाटेत भेटतच नसे. त्या जागी खरे बटण लिहिण्यास कितीसे श्रम पडले असते?

पान आपोआप बदलते तेव्हा अडचण वाढते. पाठवताना चूक झाली, तर वर तांबड्या अक्षरांत सूचना उमटते. डोळस मनुष्य मान वर करतो. अंध मनुष्य मात्र खालच्या बटणापाशीच थांबलेला असतो. म्हणून ‘येथे बदल होताच वाचून दाखवा’ अशी खूण त्या जागेवर करावी लागते. पानावर छोटी खिडकी उघडली, तर त्याला तिच्यात न्यावे आणि ती मिटताच पूर्वीच्या जागी परत आणून सोडावे. अशा खुणांचे नियम जागतिक वेब संघाने २०१४ साली प्रसिद्ध केले. तथापि खोटी खूण नसलेलीच बरी! ‘बटण’ म्हणून घोषित केलेली वस्तू कळ दाबूनही हलली नाही, तर ऐकणारा अधिकच फसतो.

अशीच अडवणूक ओळख पटवण्याच्या कामीही होत असे. अर्जदार जिवंत आहे हे ताडण्यासाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटण्या-उघडण्यास सांगितले जाई. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने, अशा सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला आणि पापण्यांखेरीज दुसरे उपाय ठेवण्यास सांगितले.

त्या दिवशी ‘पाठवा’वर टिचकी मीच मारली. पावती उघडताच विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, आता ही मला ऐकू द्या.” मग क्रमांक दोनदा ऐकून त्याने तो ब्रेलच्या पाटीवर टोचून घेतला.