घरच्या फिश टँकमध्ये ऑक्टोपस : हौस आणि हिशेब

२०१० च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत सामन्यांचे निकाल 'वर्तविणारा' जर्मनीतील पॉल ऑक्टोपस आपल्याकडेही 'पॉलबाबा' म्हणून घरोघरी पोहोचला होता. पुढे 'माय ऑक्टोपस टीचर' या माहितीपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले आणि या प्राण्याविषयीचे कुतूहल आणखी वाढले. गोल्डफिश-गप्पींचा कंटाळा आलेल्या हौशी मंडळींना मग प्रश्न पडतो, लहान जातीचा ऑक्टोपस घरी पाळता येईल का? पाळता येतो, मात्र त्याआधी हिशेब नीट मांडायला हवा.

समुद्र घाटावर आणताना

मावळातील नवलाख उंबरे येथे राहणाऱ्या माणसाला समुद्र गाठायचा, तर घाट उतरावा लागतो. त्यामुळे खारे पाणी घरीच तयार करणे आले. एक लिटर शुद्ध केलेल्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम समुद्री क्षार मिसळावे लागतात. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. लहान ऑक्टोपसलाही सुमारे २०० लिटरची टाकी असावी, म्हणजे पहिल्याच भरणीला सात किलो क्षार लागतात. त्यानंतर ठरावीक दिवसांनी थोडे थोडे पाणी बदलत राहावे लागते.

प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचे कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू टाकीत स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. ऑक्टोपस आणण्यापूर्वी टाकी तीन महिने चालवावी, असा जाणकारांचा सल्ला असतो. तांब्याचा अंशही त्याला मारक ठरतो, आणि माशांच्या काही औषधांत तांबे असते. उन्हाळ्यात पाणी तापले, की त्यातील प्राणवायू घटतो. म्हणून पाणी थंड ठेवणारे यंत्र आणि वीज गेल्यास हवेच्या पंपाची पर्यायी सोय, दोन्ही हवीत. शोभेसाठी प्रवाळ मात्र आणू नये. पाषाणी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

पळण्यात पटाईत

ऑक्टोपसच्या शरीरात हाडे नसतात. पोपटासारखी चोच जेथून जाईल, तेथून सारे शरीर निसटते. न्यूझीलंडमधील नेपिअरच्या मत्स्यालयातून २०१६ मध्ये 'इंकी' नावाचा ऑक्टोपस टाकीबाहेर पडला आणि सांडपाण्याच्या नळीतून थेट समुद्रात पोहोचला. घरातून पळालेल्या ऑक्टोपसला समुद्र सापडत नाही. तो फरशीवर सुकून मरतो. म्हणून टाकीचे झाकण कुलूपबंद हवे आणि नळ्यांच्या फटीही जाळीने बुजवायला हव्यात. त्याच्या टाकीत शोभेचे मासे सोडू नयेत, तो ते खातो. कोळंबी आणि खेकडे हे त्याचे आवडते खाद्य. निळ्या वलयांचा चिमुकला ऑक्टोपस दिसायला मोहक असला, तरी त्याच्या विषावर उतारा नाही. तो घरात कदापि नको.

सोबत थोड्या दिवसांची

तीन हृदये, निळे रक्त आणि सुमारे ५० कोटी मज्जापेशी असलेला हा प्राणी बरणीचे झाकण फिरवून उघडतो, माणसे ओळखतो. रिकाम्या टाकीत त्याला कोंडून ठेवणे हा त्याचा छळच होय. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपसला संवेदनक्षम प्राणी मानले, ते उगाच नव्हे.

लहान जाती जेमतेम वर्षभर, फार तर दोन वर्षे जगतात. मादी अंडी घातल्यावर खाणे सोडते, ती राखत बसते आणि पिले बाहेर येण्याच्या सुमारास मरते. नरही मीलनानंतर फार काळ जगत नाही. पॉलने देह ठेवला तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता. शिवाय समुद्रातून पकडून आणलेल्या ऑक्टोपसचे वय कळत नाही. तीन महिने सजविलेल्या टाकीत पाहुणा तीन आठवडेच राहिला, असेही घडू शकते.

हे सारे पेलणारा हौशी माणूस विरळाच. इतरांसाठी सोपी वाट मुंबईच्या किनाऱ्यावर आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'मरिन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावरील जीवसृष्टी लोकांना दाखविली. तिच्यात ऑक्टोपसही आहेत. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून, जाणत्या माणसासोबत जावे, खडकातील डबक्यांत डोकवावे आणि काहीही न उचलता परतावे. रंग बदलत कपारीत शिरणारा ऑक्टोपस तेथे आपल्या घरीच पाहायला मिळतो.