अर्धस्वयंचलित पिस्तुलांतील सुरक्षायोजना : एक तुलना

अर्धस्वयंचलित पिस्तुलात एक गोळी सुटली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते व मॅगझिनमधील पुढील काडतूस आपोआप चेंबरमध्ये चढते. प्रत्येक गोळीसाठी चाप मात्र पुन्हा ओढावा लागतो. शस्त्र सदैव सज्ज राहणे हाच या रचनेचा गुण, आणि तोच तिचा धोका होय. सोलापुरात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १० आहे. तेव्हा हा विषय येथील अभ्यासकास केवळ ग्रंथगत वाटू नये.

'कोणते पिस्तूल अधिक सुरक्षित?' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोणत्या चुकीपासून सुरक्षित?' असे विचारले पाहिजे. अशा चुका मुख्यतः चार : शस्त्र हातातून पडणे, चाप नकळत ओढला जाणे, चढविलेला घोडा उतरविताना अंगठ्याखालून निसटणे, आणि मॅगझिन काढल्यावर चेंबरमधील काडतुसाचे विस्मरण होणे.

अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या कोल्ट पिस्तुलात हाताने लावावयाची खिट्टी आहेच; शिवाय मुठीच्या मागे एक पट्टी आहे. तळहाताने ती दाबली गेल्यावाचून चाप चालत नाही. त्याचा रचनाकार जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये निवर्तला. त्याने आरंभिलेले पुढील पिस्तूल द्यूदोने सैव्ह याने पूर्ण केले व १९३५ मध्ये ते बेल्जियममध्ये 'हाय-पॉवर' या नावाने सिद्ध झाले. ईशापूरच्या रायफल कारखान्यातील '९ मिमी १ए' हे पिस्तूल याच कुळातील आहे. हाय-पॉवरमध्ये मुठीवरील पट्टी नाही; तिच्याऐवजी मॅगझिन काढताच चाप निकामी करणारी योजना आहे. चौथ्या चुकीवरील हा थेट उपाय होय. मात्र घोडा सुरक्षितपणे उतरविणारी कळ मूळ हाय-पॉवरमध्ये नाही. ती जर्मनीच्या वाल्थर पीपीमध्ये १९२९ पासूनच होती. पडण्याच्या वेळी फायरिंग पिन रोखणारा स्वतंत्र अडसरही मूळ हाय-पॉवरमध्ये नव्हता.

१९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉकने निराळी वाट धरली. त्यात हाताने लावावयाची खिट्टी नाही व बाहेर घोडाही नाही. चापावरील पाते, फायरिंग पिनचा अडसर आणि पडण्यापासूनची योजना या तिन्ही गोष्टी चाप ओढताच आपोआप सुटतात व सोडताच पूर्ववत होतात. त्यामुळे खिट्टी लावण्याचे विस्मरण संभवतच नाही. परंतु चापावर बोट पुरतेपणी पडले, मग ते चुकून का असेना, तर तिन्ही योजना एकदम सुटतात. शिवाय मॅगझिन काढलेले ग्लॉक, चेंबरमध्ये काडतूस असल्यास, गोळी झाडते. आणि स्वच्छतेसाठी ते उघडताना चाप ओढावाच लागतो. हाय-पॉवर उघडताना तसे करावे लागत नाही.

खरा धोका येथेच आहे. भारतात राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलासारखी दले ग्लॉक वापरतात, तर इतरत्र '१ए' प्रचारात आहे. 'मॅगझिन काढले म्हणजे निर्धोक' अशी सवय एका शस्त्रावर हाताला जडते आणि दुसऱ्यावर तीच प्राणघातक ठरते. यांत्रिक योजना माणसाची चूक सावरते. परंतु त्याच सावरण्याने नवी चूक शिकविते. म्हणून कोणत्याही पिस्तुलाबाबत क्रम एकच राहतो : नळी निर्धोक दिशेस, बोट चापाबाहेर, प्रथम मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासावे. हा क्रम रचनेनुसार बदलत नाही. आणि योजनांची तुलना ज्याला समजली आहे त्यालाच तो का बदलत नाही हेही समजते.