गृहसंगणकांचे हौशी जलशीतन : एक उष्णताविचार व शब्दविचार

संगणकाच्या हौशी मंडळींत 'वॉटर कूलिंग' असा जो शब्दप्रयोग रूढ आहे, त्याला मराठीत 'जलशीतन' म्हणावयास हरकत नाही. परंतु हा शब्द जितका सुटसुटीत, तितकाच फसवा आहे. पाणी यंत्राला गार करते, असा अर्थ त्यातून ध्वनित होतो. वस्तुतः पाणी येथे केवळ हमालाचे काम करते. प्रोसेसरच्या बोटभर पृष्ठभागावर निर्माण झालेली उष्णता उचलावयाची आणि जेथे मोठा पृष्ठभाग व वाहती हवा उपलब्ध आहे तेथे नेऊन टाकावयाची, एवढाच त्याचा व्यापार. अखेरीस ती उष्णता खोलीतील हवेतच जाते. त्यामुळे नुसत्या नळ्या व पंप यांच्या साहाय्याने प्रोसेसरचे तापमान खोलीतील हवेच्या खाली कधीच जाणार नाही. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे पुढे वर्णिलेले कित्येक घोटाळे होतात, म्हणून आरंभीच त्याचा निर्देश केला.

हा खटाटोप मुळात करावा तरी का लागला? १९९३ सालचा पहिला पेंटियम प्रोसेसर सुमारे १५ वॅट उष्णता टाकीत असे. २००४ पर्यंत पेंटियम ४ च्या काही प्रकारांत हा आकडा ११५ वर गेला. त्यातच घड्याळाचा नेमून दिलेला वेग वाढवून पाहण्याचा हौशी लोकांना छंद. साठ मिलिमीटरचे छोटे पंखे मिनिटाला सात हजार फेरे घेत किंचाळू लागले, तेव्हा वेगाइतकीच शांततेचीही गरज भासू लागली. मोठ्या यंत्रांना द्रवशीतन नवे नव्हते. आय.बी.एम.च्या १९८० मधील ३०८१ या संगणकात पाणी खेळविलेले होते, तर १९८५ च्या क्रे-२ मधील मंडले फ्लुओरिनर्ट या विद्युत्-अवाहक द्रवात संपूर्ण बुडविलेली होती. परंतु १९९० नंतरच्या दशकात घरगुती संगणकासाठी तयार सामग्री सहजी मिळत नसे. तेव्हा अमेरिकेतील व युरोपातील हौशी मंडळींनी ती इतरत्र शोधली.

या शोधाचा इतिहास भाषाभ्यासकालाही रंजक वाटावा. मत्स्यालयातील पाणी फिरविणारा पंप (जर्मनीच्या एहाइम कंपनीचे पंप विशेष लोकप्रिय होते), तांब्याच्या ठोकळ्यात गिरमिटाने भोके पाडून केलेला 'वॉटर ब्लॉक', साठ्यासाठी बादली, आणि उष्णता टाकण्यासाठी जुन्या मोटारीतील 'हीटर कोअर'. थंड प्रदेशांत मोटारीच्या आतील हवा ऊबदार करण्यासाठी इंजिनाचे गरम पाणी ज्या लहानशा जाळीतून खेळविले जाते, ती ही वस्तू. १९७७ सालच्या पाँटिअ‍ॅक बॉनव्हिल गाडीतील जाळीची तर या मंडळींत ख्याती झाली. तिच्यावर पत्र्याचे वा पुठ्ठ्याचे नरसाळे चढवून पंखा बसविला की काम झाले. गंमत अशी की, शीतनासाठी आणलेल्या या वस्तूचे 'हीटर' हे नाव मात्र कोणी बदलले नाही; आणि बदलण्याचे कारणही नव्हते. जाळीचे काम दोन्हीकडे एकच, पाण्यातील उष्णता हवेस देणे; फरक पडला तो कोणाला त्या उष्णतेची गरज आहे, इतकाच. 'रेडिएटर' हे नाव मात्र खरोखर चुकीचे आहे. त्यातून उष्णता बाहेर पडते ती बहुतांशी वाहत्या हवेबरोबर, प्रारणाने नव्हे.

आता थोडे गणित. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ४,१८६ जूल लागतात. घनफळाच्या हिशेबाने पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. १०० वॅटच्या प्रोसेसरवरून मिनिटाला एक लिटर पाणी गेले, तर ते जेमतेम १.४ अंशाने तापते. यावरून एक जुना वाद सहज मिटतो. पाणी आधी जाळीतून न्यावे की आधी प्रोसेसरवरून, याविषयी लोक हिरिरीने भांडत. परंतु प्रवाह बरा असेल तर संपूर्ण फेऱ्यात पाण्याचे तापमान अंश-दीड अंशाहून अधिक बदलतच नाही. नळ्या आखूड व कमी वळणाच्या राहतील असा क्रम निवडावा, हे उत्तम.

जाळी न वापरता वीस लिटरच्या बादलीवरच भागवू पाहणारेही होते. बाहेर जाणारी उष्णता हिशेबात न धरल्यास १०० वॅटला ते पाणी दहा अंशांनी तापविण्यास सुमारे दोन तास वीस मिनिटे लागतात. म्हणजे बादली उष्णतेचे निवारण करीत नाही, तर तिला मुदत देते.

याहून चतुर युक्ती बाष्पीभवनाची. उभ्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यात वरून न्हाणीच्या झारीने पाणी सोडावयाचे व खालून पंख्याने हवा फुंकावयाची. गांजा ओढण्याच्या नळीवरून हौशी लोकांनी या मनोऱ्याला 'बाँग' म्हटले. आपल्याकडील माठ व वाळ्याचा पडदा याच तत्त्वावर गार राहतात, आणि केवळ याच प्रकारात पाणी हवेहून थंड होऊ शकते. मात्र मर्यादा ठरते ती ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाने. नागपूरच्या उन्हाळ्यात ४३ अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असता ही मर्यादा २५ अंशांच्या आसपास येते. मुंबईत ३३ अंश व ७५ टक्के आर्द्रता असता ती २९ च्या वर राहते. तेथे हा मनोरा बांधणे व्यर्थच म्हणावे लागेल. शिवाय १०० वॅटमागे ताशी सुमारे दीडशे ग्रॅम पाणी उडते. बंद खोलीत हवा दमट होते आणि क्षारांचा पांढरा थर साचतो.

बर्फ टाकणाऱ्यांची गोष्ट निराळी. वर दिलेल्या मुंबईच्या हवेत दवबिंदू २८ अंश असतो. म्हणजे २५ अंशांचे, बोटाला फारसे गारही न लागणारे पाणी नळीतून फिरले तरी ठोकळ्यावर दव धरते व ते मंडलावर ठिबकते. शीतन म्हणजे गारवा, ही शब्दाने करून दिलेली समजूत येथे प्रत्यक्ष यंत्राच्या जिवावर उठते.

तांब्याचा ठोकळा आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी एकाच पाण्यात ठेवणे हाही असाच प्रमाद. दोहोंचा विद्युत्घट होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते. ऊर्ध्वपातित पाणी विजेचे मंदवाहक खरे, पण धातू व धूळ यांच्या संपर्काने त्याचा तो गुण फार काळ टिकत नाही. म्हणून संगणक बंद ठेवून, पंपाला स्वतंत्र वीज देऊन, सांध्यांखाली कोरडा कागद अंथरून एक अहोरात्र पाणी फिरवावे. कागदावर डाग न पडल्यासच पुढे जावे. २००९ मध्ये कोर्सेअर कंपनीचा एच५० हा कारखान्यातच मोहोरबंद केलेला संच आल्यानंतर असे संच सर्रास मिळू लागले आणि बहुतेकांना कागद अंथरण्याचे कारण उरले नाही.