भद्रावती : कोळशाच्या गावाला हायड्रोजनची चाहूल

नागपूरहून चंद्रपूरकडे जाताना वरोरा मागे पडले की पश्चिमेच्या बाजूला मातीचे डोंगर दिसू लागतात. नवख्याला त्या टेकड्याच वाटतात, पण ते खुल्या खाणींतून उपसलेल्या मातीचे ढीग आहेत. पावसाने कापलेल्या त्यांच्या कडांमध्ये पिवळसर वाळूखडक, करड्या मातीचे थर आणि मधूनच कोळशाची काळी ढलपी दिसते. माथ्यावर वेडी बाभूळ माजलेली असते. चंद्रपूरच्या अलीकडे पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या भद्रावतीची आजची ओळख या ढिगांनी ठरवली आहे.

गावाची मूळ ओळख मात्र फार जुनी. रेल्वे स्थानकाचे नाव अजूनही जुनेच, भांदक आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ.स. 772 चा ताम्रपट इथेच सापडला. विजासन टेकडीतल्या बौद्ध लेण्यात एक सरळ, अरुंद वाट सत्तरेक फूट डोंगराच्या पोटात जाते आणि टोकाला बसलेली भव्य बुद्धमूर्ती समोर येते. डोलारा तलावावरचा जुना दगडी पूल, भद्रनागाचे देऊळ, पार्श्वनाथाचे जैन मंदिर हे सारे एका फेरीत पाहून होते. ताडोब्याचे मोहर्ली प्रवेशद्वारही याच तालुक्यात.

कोळसा इथला, वीज बाहेरची

वर्धा खोऱ्यातला कोळसा इंग्रजांच्या काळापासून निघतो आहे. शेजारच्या वरोऱ्याची खाण 1906 मध्ये बंदही पडली. भद्रावती तालुक्यात आज वेस्टर्न कोलफील्ड्सचे (वेकोलि) माजरी क्षेत्र आहे. माजरी, तेलवासा, कुनाडा, चारगाव ही गावांची नावे आता खाणींची नावे म्हणूनच जास्त ऐकू येतात. बरांजची खाण कर्नाटकच्या वीज कंपनीला मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये कोळसा खाणींचे वाटप रद्द केले, 2015 मध्ये बरांजची खाण थांबली आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली. तिचा कोळसा बळ्ळारीच्या वीज केंद्रासाठी. गावाच्या वाट्याला सुरुंगाचे हादरे, कापसाच्या बोंडावर बसणारी काळी धूळ आणि पुनर्वसनाची वर्षानुवर्षांची भांडणे.

त्याहून जुनी जखम निप्पॉन डेन्रो या कंपनीसाठी गेलेल्या जमिनीची. 1990 च्या दशकात हजार मेगावॉटहून मोठ्या वीज प्रकल्पासाठी भद्रावतीजवळची हजारावर हेक्टर जमीन संपादित झाली. प्रकल्प आलाच नाही. शेती गेली, नोकरीही मिळाली नाही आणि प्रकल्पग्रस्तांची एक पिढी वाट पाहण्यातच म्हातारी झाली.

एवढ्या वर्षांनी, जानेवारी 2023 मध्ये दावोसला राज्य सरकारने ‘न्यू एरा क्लीनटेक’ या कंपनीशी करार केला. भद्रावतीत 20,000 कोटी रुपयांचा कोळसा वायूकरण प्रकल्प आणि 15,000 रोजगार, अशी घोषणा झाली. वायूकरणात कोळसा पूर्ण जाळत नाहीत. मोजका ऑक्सिजन आणि वाफ देऊन त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचा मिश्र वायू करतात. त्यापासून खत, मिथेनॉल आणि शुद्ध हायड्रोजनही मिळतो.

पण हायड्रोजन स्वच्छ आहे की नाही, हे तो कशापासून केला यावर ठरते. कोळशापासून एक किलो हायड्रोजन करताना सुमारे 20 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. केंद्र सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये हरित हायड्रोजनची मर्यादा ठरवली ती किलोमागे फक्त 2 किलो. निघालेला कार्बन पकडून कायमचा साठवण्याची सोय केल्याशिवाय वायूकरण या मर्यादेच्या जवळपासही पोहोचत नाही.

खड्ड्यातले पाणी, माथ्यावरचे ऊन

भद्रावतीकडे दुसरा मार्ग आहे आणि त्याचे सामान खाणीनेच मागे ठेवले आहे. कोळसा संपलेल्या खड्ड्यात पाणी साचते, आणि ऊन तर चंद्रपूरसारखे क्वचितच कुठे तापते. पाच एकरांवर एक मेगावॉटचे सौर पॅनेल बसवले तर दिवसाला साधारण 4,000 युनिट वीज मिळते. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन काढायला 50 ते 55 युनिट लागतात. म्हणजे रोज सत्तर-ऐंशी किलो. त्यासाठी पाणी लागते किलोमागे, शुद्धीकरणातला तोटा धरूनही, वीसेक लिटर. एवढ्या इंधनावर हायड्रोजन बस दिवसाला सातशे-आठशे किलोमीटर धावते.

अडचणी आहेतच. खाणीचे पाणी क्षारयुक्त, काही ठिकाणी आम्लयुक्त असते. ते आधी शुद्ध करावे लागते. मातीचे ढीग वर्षानुवर्षे खचत राहतात, त्यामुळे पॅनेल स्थिरावलेल्या जागीच बसवावे लागतील. असा हायड्रोजन आज कोळशाच्या हायड्रोजनपेक्षा महागही पडतो. म्हणूनच 2023 मध्ये केंद्राने 19,744 कोटींचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन आणले आणि महाराष्ट्राने 8,562 कोटींचे स्वतंत्र धोरण मंजूर केले.

जर्मनीच्या रूर खोऱ्यात हर्टन नावाचे छोटे शहर आहे. तिथली एवाल्ड कोळसा खाण 2000 मध्ये बंद पडली. त्याच आवारात शहराने पुढाकार घेऊन हायड्रोजन केंद्र उभारले, आणि तिथे पवनऊर्जेच्या जोडीने पाण्यापासून हायड्रोजन काढण्याची यंत्रणा बसली. हर्टनची शिकवण यंत्रापुरती नाही. खाण गेल्यावर त्या जागेचे काय करायचे, हे तिथे गावाने ठरवले.

भद्रावतीला हाच हक्क हवा आहे. खाण बंद करण्यासाठीचा पैसा कंपन्यांना नियमाप्रमाणे एस्क्रो, म्हणजे त्याच कामासाठी राखीव, खात्यात ठेवावाच लागतो. त्यातून एका बंद खाणीवर छोटा प्रकल्प उभा करावा. जमीन देणाऱ्या कुटुंबांना त्यात भाग मिळावा, ग्रामसभेचे प्रतिनिधी संचालक मंडळावर बसावेत आणि इथल्या आयटीआयच्या मुलांना आधीपासून प्रशिक्षण मिळावे. त्या इंधनावर पहिली बस भद्रावती ते चंद्रपूर धावावी. या मातीने दोन राज्यांना वीज दिली आहे. पुढचे इंधन निघेल, तेव्हा त्याच्या हिशेबाच्या वहीत पहिले नाव इथल्या माणसांचे असले पाहिजे.