दर्या आणि दऱ्या

'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. दोन्हींत अक्षरं तीच, पण उच्चार वेगळा. 'दर्या'त र् मागच्या 'द'ला जाऊन भिडतो, 'द'वर आघात येतो. लिहिताना रफार होतो. 'दऱ्या'त 'द' हलकाच राहतो, र् पुढच्या 'य'त मिसळतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' मोठ्यानं म्हणून पाहा! वाऱ्यावर, शेतकऱ्यांना, वऱ्हाड, तऱ्हा: हा आडवा र मराठीत पावलोपावली लागतो. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून हिंदीच्या सोयीनं टाइप केलेल्या मराठीत 'शेतकर्यांना' असं छापलेलं दिसतं. ते खटकतं, आणि खटकायलाच हवं. युनिकोडमध्ये त्याची सोय आहे: खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य किंवा ह.